उर्फ जॅक्स

रेडिओवर सहा निधनवार्ता झाल्या
आणि सातवी सुरू झाली:
जेवॉन लाटूश, वय तेवीस, राहणार ग्वाव्ह,
उर्फ जॅक्स.
मंगळवारपासून माहीत होतं सगळ्या गावाला,
तरी 'उर्फ' म्हणेपर्यंत
तो दुसरा कुणी असू शकत होता.

जॅक्स म्हणजे आमच्या खाडीतली
बोटभर रुपेरी मासळी.
लहानपणी हा तसाच, नुसती काडी.
मैदानाला लागून समुद्र.
षटकार गेला की चेंडू पाण्यात
आणि चेंडूमागे हा.
चड्डीला पुसत पुसत परत आणायचा.
एकदा मोठ्यांनी गंमत म्हणून म्हटलं, टाक बघू एक.
टाकला.
गंमत तिथेच संपली.

निवेदिका नातलग वाचत राहिली:
आई युलिन, ब्रुकलिनची मावशी,
टोरांटोचे दोन मामा,
सख्खी-सावत्र मिळून अकरा भावंडं,
आणि इतर बरेच.
इतर बरेचमध्ये मी.

शनिवारी मी भिंतीवर बसले होते,
मांडीवर तळलेल्या मासळीचा तेलकट कागद.
त्रिनिदादचा सलामीवीर बावीसवर असताना
मिड-ऑफला झेल उडाला, लोण्यासारखा सोपा,
आणि जॅक्सच्या हातातून निसटला.
'हात आहेत का चाळणी रे!'
माझा आवाज मोठा. जायफळाच्या वखारीत
तीस बायकांच्या वरून पोचवायची सवय.
आख्खी भिंत हसली.
त्यानं कपाळावर हात आडवा धरून वळून पाहिलं.
ऊन त्याच्या डोळ्यांत होतं.
मी दिसले की नाही, कोण जाणे.

मंगळवारी पहाटे वाळूवर धावताना पडला.
होड्या ढकलणाऱ्यांना वाटलं, दम खातोय.
डॉक्टर म्हणाले, काळीज प्रमाणाबाहेर मोठं होतं.
संध्याकाळपर्यंत मासळीबाजारात जो तो
छातीला हात लावून तेच सांगायला लागला,
जणू बक्षीस मिळालं होतं पोराला.
मी म्हटलं, अरे, रोग होता तो.
कुणाला ऐकायचं नव्हतं.

रात्री युलिनच्या अंगणात डॉमिनोच्या सोंगट्या आपटत होत्या.
रम, काळी कॉफी, मध्येच कुणाचं तरी भजन, अर्धंच.
भोलाने यष्टिरक्षणाचे ग्लोव्ह्ज काढलेच नव्हते,
कप धरता येईना, तरी काढेना.
त्याच्या डाव्या तळव्यात
जॅक्सच्या चेंडूंनी पडलेला खळगा होता
आणि मुलं रांग लावून त्यात बोट घालून बघत होती.
त्याला यॉर्कर शिकवणारे चौघे निघाले.
पहिले बूट देणारे सात.
पाय तर त्याला दोनच होते.

मी स्वयंपाकघरात गेले. युलिन कप विसळत होती.
म्हटलं, शनिवारी ओरडले ती मीच.
ती म्हणाली, ठाऊक आहे.
घरी येऊन तुझी नक्कल केली त्यानं,
कमरेवर हात ठेवून, अगदी तुझ्यासारखा चिरका सूर.
जेवताना पुन्हा एकदा.
खरं सांगत होती की माझी कीव केली,
मी विचारलं नाही.
तिनं कप माझ्या हातात दिला.
मी पुसला. मग दुसरा.

आज कामावर आले.
हौदात जायफळं ओतली.
पोकळ असतात ती तरंगतात,
भरलेली सरळ तळाला जातात.
एकोणीस वर्षं हेच करते मी,
वरची काढून फेकायची.
आज कोपरापर्यंत हात घालून
तळाशीच चाचपत उभी राहिले.
पाणी गार होतं.
अर्नेस्टीननं विचारलं, काय गं, काय पडलं?
म्हटलं, काही नाही,
चाळणी सापडत नाहीये.